वर्दीतल्या आरोपीला शिक्षा होते का? आणि झाली तर किती?

परभणीचं नाव या विषयात दोनदा येतं. पहिल्यांदा २००३ च्या जानेवारीत, ख्वाजा युनूसमुळे. दुसऱ्यांदा २०२४ च्या डिसेंबरात, सोमनाथ सूर्यवंशीमुळे. एक मुसलमान, दुबईत नोकरी करणारा इंजिनिअर. दुसरा वडार समाजातला, आंबेडकरी विचारांचा, कायद्याचा विद्यार्थी. दोघांमध्ये जवळजवळ बावीस वर्षांचं अंतर. दोघांच्याही पाठीमागे आई कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली.

आपल्याकडे अशी बातमी आली की घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: "सोड रे, पोलिसांना काही होत नसतं." हे वाक्य पूर्ण खरं नाही, पूर्ण खोटंही नाही. पोलिसांना जन्मठेप झाल्याचे निकाल याच महाराष्ट्रात आहेत. पण ते कसे लागले, किती वर्षांनी लागले आणि बाकीचे का लागले नाहीत, हे बघितलं तर आपल्या घरावर अशी वेळ आल्यास काय करायचं हेही बरंचसं कळतं. म्हणून हा लेख थोडा सविस्तर.

आधी एक गैरसमज दूर करू. एखादा अधिकारी 'निलंबित' झाला, की आपल्याला वाटतं त्याला शिक्षा झाली. निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी चालू असताना कामावरून दूर ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो आणि पुढे निर्दोष ठरला तर राहिलेला पगारही मागता येतो. 'कंट्रोल रूमला बदली' तर त्याहून कमी; ती फक्त मोर्चा शांत करण्यासाठी असते. खरी शिक्षा दोन वाटांनी होते. एक वाट खात्याची: सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणं, खालच्या पदावर आणणं, सक्तीची निवृत्ती, आणि शेवटी बडतर्फी. दुसरी वाट फौजदारी कोर्टाची: गुन्हा, आरोपपत्र, खटला, तुरुंग. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, एकाच वेळी चालू शकतात. पण वरिष्ठांना पहिली वाट सोपी वाटते आणि बऱ्याच प्रकरणांत सगळं तिथेच संपतं. कोठडीत माणूस मेला आणि एका हवालदाराची दोन वर्षांची वेतनवाढ थांबली, याला इन्साफ म्हणायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

ख्वाजा युनूसचं प्रकरण

२ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. दोन माणसं गेली. त्या महिनाअखेरीस, २५ डिसेंबरला, सत्तावीस वर्षांच्या ख्वाजा युनूसला पकडलं. पोटा कायदा लावला. पुढे पोलिसांनी सांगितलं की ७ जानेवारी २००३ रोजी त्याला औरंगाबादला नेत असताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो बेड्यांसह पळून गेला.

त्याच गुन्ह्यात अटकेत असलेल्या एका डॉक्टरने कोर्टाला वेगळंच सांगितलं. ६ जानेवारीला आपण युनूसला शेवटचं पाहिलं, त्याचे कपडे काढून पट्ट्याने मारत होते आणि त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, असं. कुटुंबाने हायकोर्टात धाव घेतली, हायकोर्टाने तपास सीआयडीकडे दिला. सीआयडीच्या तपासात पळून गेल्याची कहाणी टिकली नाही. मृतदेह मात्र आजपर्यंत मिळालेला नाही. जनाजा नाही, कबर नाही.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण शिक्षा कुठे अडते ते तिथे दिसतं.

सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारने खटल्याची परवानगी दिली चौघांविरुद्ध: एक सहायक निरीक्षक सचिन वाझे आणि तीन शिपाई. बाकीचे दहा जण कोर्टाच्या दारापर्यंतही आले नाहीत. आईने त्या दहांसाठीही हायकोर्टात मागणी केली. २०१२ साली हायकोर्टाने ती फेटाळली, पण कुटुंबाला वीस लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला. ज्या स्फोटासाठी युनूसला उचललं होतं, त्यातले बाकीचे आरोपी तोवर कधीच, २००५ मध्येच, पोटा कोर्टातून निर्दोष सुटले होते. म्हणजे युनूस जगला असता तर तोही बहुधा त्यांच्याबरोबर घरी आला असता.

खटल्यात प्रत्यक्ष साक्ष सुरू व्हायला २०१८ उजाडलं. पंधरा वर्षं. पहिलाच साक्षीदार तोच डॉक्टर. त्याने साक्षीत आणखी चार पोलिसांची नावं घेतली. विशेष सरकारी वकिलांनी लगेच अर्ज केला की या चौघांनाही आरोपी करा. कायद्यात तशी सोय आहे. त्यानंतर काही आठवड्यांत सरकारने त्या वकिलांनाच खटल्यावरून काढलं आणि खटला पुन्हा वर्षानुवर्षं थंड पडला.

दरम्यान वाझे २००४ पासून निलंबित होते. मधल्या काळात त्यांनी राजीनामा दिला, तो मंजूर झाला नाही, ते एका राजकीय पक्षातही गेले. २०२० च्या जूनमध्ये, करोनाच्या काळात, त्यांना आणि तिन्ही शिपायांना पुन्हा सेवेत घेतलं. युनूसच्या आईने याविरुद्ध अवमान याचिका केली. वर्षभरात, मार्च २०२१ मध्ये, वाझे दुसऱ्याच प्रकरणात अटक झाले: अंबानींच्या घराबाहेर सापडलेली स्फोटकांची गाडी आणि मनसुख हिरन यांचा खून. मे महिन्यात त्यांना बडतर्फ केलं गेलं, तेही संविधानाच्या कलम ३११ मधल्या त्या तरतुदीने जिच्यात विभागीय चौकशीचीही गरज पडत नाही.

हे नीट लक्षात घ्या. वाझेंवरचे आरोप अजून कोर्टात सिद्ध व्हायचे आहेत. निकाल लागेपर्यंत ते आरोपीच. पण युनूसच्या प्रकरणात सतरा वर्षांत जे झालं नाही, ते एका श्रीमंत घराचा प्रश्न आल्यावर दोन महिन्यांत झालं. सरकारकडे अधिकार नव्हते असं कुणी म्हणू नये.

परवानगी म्हणजे नेमकं काय

सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना काही केलं, तर सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्ट त्याची दखल घेऊ शकत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १९७ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते २१८ झालं. हेतू वाईट नाही. दंगल आवरताना लाठी उगारलेल्या प्रत्येक शिपायावर उद्या कुणीही खोटा खटला टाकेल, तर तो काम कसं करणार?

प्रश्न आहे 'कर्तव्य' कशाला म्हणायचं हा. कबुली मिळवण्यासाठी माणसाला टांगणं हे कुठल्या पोलीस मॅन्युअलमध्ये लिहिलंय? उलट कायद्यात ते गुन्हा म्हणून लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच, महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या एका प्रकरणात, सांगितलं की तपासाच्या नावाखाली मारहाण आणि बेकायदा डांबून ठेवणं याला पदाचं संरक्षण मिळणार नाही. पण २०२० मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की अधिकाऱ्याने मर्यादा ओलांडली तरी त्या कृत्याचा कर्तव्याशी संबंध असेल तर मंजुरी लागेल. त्यामुळे प्रत्येक खटल्यात पहिली काही वर्षं याच वादात जातात. आरोपी पोलीस वर अपील करतो, खटल्याला स्थगिती मिळते, साक्षीदार म्हातारे होतात.

आपल्या महाराष्ट्रात आणखी एक कुलूप आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१. पदाच्या अधिकाराखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर तो सहा महिन्यांच्या आत; सरकारच्या मंजुरीने दोन वर्षांपर्यंत. लोक घाबरून वर्षभर गप्प बसतात आणि मग वकील सांगतो की मुदतीचा मुद्दा येणार. वरचा १९६६ चा निकाल नेमका याच कलमावर होता आणि मारहाणीला ही मुदत लागू नाही असं त्यात ठरलं. तरी प्रत्येक आरोपी हा मुद्दा काढतोच.

नव्या संहितेत एक चांगली गोष्ट आली आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. मंजुरीचा प्रस्ताव मिळाल्यापासून १२० दिवसांत सरकारने निर्णय द्यायचा. दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जाईल. फाईल दाबून ठेवण्याचा जुना मार्ग यामुळे बंद व्हायला हवा. मात्र सरकार स्पष्ट नकार देऊ शकतं, आणि इशरत जहाँच्या प्रकरणात गुजरात सरकारने तो दिला; त्यानंतर २०१९ मध्ये दोन वरिष्ठ अधिकारी खटल्याशिवायच मोकळे झाले.

जिथे शिक्षा झाली

११ नोव्हेंबर २००६. वाशीहून रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याचा एक मित्र, अशा दोघांना उचललं गेलं. त्याच संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ 'चकमक' झाली आणि गुप्ता ठार झाला. त्या काळातल्या मुंबईत ही नेहमीची बातमी होती. 'एन्काउंटर स्पेशालिस्ट' हा शब्द पेपरवाले कौतुकाने छापत होते, त्यांच्यावर सिनेमे निघत होते. खरं सांगायचं तर आपणही ते सिनेमे तिकीट काढून बघितले.

या प्रकरणात फरक एकच होता. मेलेल्या माणसाचा भाऊ वकील होता. भावाला उचललं हे कळताच त्याने त्याच दुपारी पोलीस अधिकाऱ्यांना तार आणि फॅक्स पाठवले की माझ्या भावाला उचललंय, त्याच्या जिवाला धोका आहे. पोलीस ज्या वेळी चकमक झाली म्हणतात, त्याच्या काही तास आधीची वेळ त्या कागदांवर होती. तो कागद पुढे अठरा वर्षं बोलत राहिला.

हायकोर्टाने आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लावली, मग विशेष तपास पथक नेमलं. २०११ मध्ये, तो मित्र, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार, साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. तरीही जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यात १३ पोलीस होते. सगळ्यात मोठं नाव, प्रदीप शर्मा, मात्र सुटलं. २०१५ मध्ये सरकारने यातल्या अकरा दोषी पोलिसांची शिक्षा काही महिन्यांसाठी स्थगित करण्याचाही घाट घातला होता. अखेर १९ मार्च २०२४ रोजी मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांनी शर्मांची सुटका रद्द केली आणि त्यांनाही जन्मठेप सुनावली. शर्मांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि तिथे त्यांना शरण येण्यापासून दिलासा मिळाला.

लखनभैया काही संत नव्हता, त्याच्यावर गुन्हे होते. पण हायकोर्टासमोर सवाल तो कसा माणूस होता हा नव्हता. कायद्याचे रक्षकच कायदा हातात घेऊन माणूस मारू शकतात का, हा होता.

दुसरं उदाहरण नागपूरचं, ते फारसं कुणी सांगत नाही. १९९३ च्या जूनमध्ये एका लूटमारीच्या तक्रारीवरून पोलिसांनी एका माणसाला पहाटे घरातून उचललं, विजेच्या खांबाला बांधून मारलं. तो कोठडीत मेला. सत्र न्यायालयाने १९९५ मध्ये दहा पोलिसांना दोषी धरलं, पण खुनाबद्दल नाही. कबुलीसाठी इजा करणं या कलमाखाली शिक्षा तीन वर्षं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात संपलं सप्टेंबर २०१८ मध्ये. न्यायालयाने म्हटलं की ज्यांनी कायदा राखायचा त्यांनीच तो मोडला, तीन वर्षं फार कमी आहेत. आणि शिक्षा सात वर्षांवर नेली. सात का? कारण जुन्या दंड संहितेच्या कलम ३३० मध्ये कमाल शिक्षाच सात वर्षं. नव्या न्याय संहितेत ते कलम १२० झालं, कमाल तेवढीच.

शिक्षा कमी वाटते त्याचं एक कारण इथे आहे. कोठडीतल्या मृत्यूसाठी वेगळं, कडक कलमच नाही. खून सिद्ध करायचा तर कुणी, कोणता घाव घातला, कोणत्या हेतूने, हे दाखवावं लागतं. बंद खोलीतल्या घटनेला साक्षीदार कोण? एक मेला, बाकीचे पोलीस. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटलं होतं की पोलीस भाईबंदकीपोटी एकमेकांविरुद्ध तोंड उघडत नाहीत, अशा खटल्यात कोर्टांनी पुराव्याचा अव्यवहारी हट्ट धरू नये. त्याच्याही आधी, १९८५ साली, विधी आयोगाने सुचवलं होतं की कोठडीत जखमा झाल्या तर त्या पोलिसांनी केल्या असं कोर्टाला गृहीत धरता यावं, आणि आपण केल्या नाहीत हे पोलिसांनी दाखवावं. चाळीस वर्षं झाली. २०२३ मध्ये पुराव्याचा संपूर्ण नवा कायदा आला, त्यातही हे कलम नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता मात्र अजून दिलेली नाही.

शिक्षा वर का जात नाही

२२ मे १९८७ च्या हाशिमपुराबद्दल या साइटच्या वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. मेरठच्या मोहल्ल्यातून पीएसीच्या जवानांनी मुसलमान पुरुष ट्रकमध्ये भरले आणि कालव्यावर नेऊन गोळ्या घातल्या. बेचाळीस जण गेले म्हणतात. आरोपपत्र १९९६ ला. खटला उत्तर प्रदेशातून दिल्लीला हलवावा लागला. मार्च २०१५ मध्ये सगळे आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. ३१ ऑक्टोबर २०१८ ला दिल्ली हायकोर्टाने तो निकाल उलटवला आणि सोळा जणांना जन्मठेप दिली. एकतीस वर्षांनी.

यात दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. निकाल उलटला तो मोठ्या प्रमाणात पीएसीच्याच कागदपत्रांमुळे: त्या दिवशी कोणता ट्रक, कोणते जवान, याच्या नोंदी. मानवी हक्क आयोग अपिलात उतरल्यावर हे जादा पुरावे कोर्टासमोर आले. म्हणजे कागद आधीही होता, मागणारा कुणी नव्हता. आणि दुसरी गोष्ट, शिक्षा झालेले सगळे खालच्या पायरीचे जवान आणि त्यांची तुकडी. आदेश कुणी दिला, हे कधीच ठरलं नाही. खटला चालू असताना त्यांच्या नोकऱ्याही सुरूच होत्या.

मुंबईत वर बोट गेलं होतं, पण पोचलं नाही. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. सुलेमान उस्मान बेकरीतल्या ९ जानेवारी १९९३ च्या गोळीबाराबद्दल तत्कालीन सहआयुक्त आर. डी. त्यागी यांच्यासह अनेकांवर २००१ मध्ये गुन्हा दाखल झाला. २००३ मध्ये त्यागी आणि आठ जण खटला सुरू होण्याआधीच आरोपमुक्त झाले. वर दाद मागायला गेला तो पीडितांपैकीच एक. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो हरला. आयोगाचा अहवाल हा पुरावा नसतो, ते फक्त मत असतं. हे आपल्या लोकांना फार उशिरा कळलं. अहवालावर विश्वास ठेवून समाज शांत बसला आणि तेवढ्या काळात जबाब, पंचनामे, हत्यारांच्या नोंदी, सगळं शिळं झालं.

आणि एक उलटी बाजूही सांगतो, नाहीतर लेख एकतर्फी होईल. केरळमध्ये २००५ साली उदयकुमार नावाच्या माणसाला पोलीस ठाण्यात लोखंडी पाइप फिरवून मारल्याचं प्रकरण झालं. त्याच्या आईने एकटीने लढा दिला. २०१८ मध्ये सीबीआय कोर्टाने दोन पोलिसांना चक्क फाशी सुनावली. सगळ्या देशात गाजलं. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, कारण सीबीआयचा तपास आणि साक्षीदार उभे करण्याची पद्धत कोर्टाला पटली नाही. फाशीची मागणी करणाऱ्या आपल्या मोर्च्यांनी हे वाचावं. पोलीस आरोपी असला तरी त्यालाही वकील, उलटतपासणी, संशयाचा फायदा हे सगळं मिळणारच, आणि मिळायलाच हवं. आज तोच हक्क आपल्या मुलांसाठी आपण कोर्टात मागतो. मोठ्या शिक्षेपेक्षा टिकणारी शिक्षा हवी, आणि ती कच्च्या तपासावर टिकत नाही.

पुन्हा परभणी

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंद, दगडफेक, मग धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी त्यात पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की मारहाणीची तक्रार त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केली नव्हती आणि सीसीटीव्हीत तसं दिसत नाही. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता.

कोठडीत मृत्यू झाला की न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची हे बंधनकारक आहे. ती झाली आणि अहवाल पोलिसांच्या विरोधात गेला. तरी गुन्हा दाखल होईना. आईच्या वतीने ॲड. प्रकाश आंबेडकर औरंगाबाद खंडपीठात उभे राहिले. त्यांनी एक नेमका मुद्दा मांडला: चौकशी करा असं कायदा सांगतो, पण चौकशीनंतर पुढे काय, याबद्दल कायदा गप्प आहे. ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला तिथेही सरकारचं म्हणणं फेटाळलं गेलं.

सात महिन्यांत गुन्हा नोंदवण्याचा आदेश. युनूसच्या वेळेशी तुलना केली तर हा वेग बराच आहे. पण गुन्हा दाखल होणं ही पहिली पायरी आहे. मंजुरी, आरोपपत्र, साक्षी हे सगळं पुढे आहे.

घरच्यांनी काय करायचं

वरच्या प्रकरणांत जिथे काहीतरी हाती लागलं, तिथे एक गोष्ट समान आहे: पहिल्या चोवीस तासांतला कागद. तारांचा जमाना गेला, पण काम तेच. घरातल्या कुणाला उचललं की आधी वेळ लिहून ठेवा, गाडीचा नंबर लिहा, कोण आलं ते लिहा. पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांना ईमेल करा, जिल्हा न्यायाधीश आणि राज्य मानवी हक्क आयोगालाही पाठवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बोंब मारणं म्हणजे तक्रार नव्हे. 'बडे लोग' ओळखीचे आहेत, ते फोन करतील, म्हणून थांबू नका. फोनचा पुरावा राहत नाही.

डी. के. बसू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवून दिलेल्या गोष्टी आता कायद्यातही आहेत. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा हवा, त्यावर घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या माणसाची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवं, वैद्यकीय तपासणी हवी. पहिल्या रिमांडला चोवीस तासांत कोर्टासमोर आणतात, तेव्हा वकील हजर ठेवा, आणि मारहाण झाली असेल तर त्याच वेळी ते न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगायला लावा. सोमनाथच्या प्रकरणात सरकारने पहिला आधार घेतला तो 'तो कोर्टात काही बोलला नाही' याचाच. मुलगा भीतीने बोलत नाही हे आपल्याला समजतं, पण कागदावर ते 'तक्रार नाही' असंच येतं.

सीसीटीव्हीचा अर्ज लगेच द्या. डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर, जपून ठेवायला हवं. 'कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. कोर्टात त्याचाही उपयोग होतो. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा. दफन लवकर करावं ही आपली रीत आहे आणि तिचा दबाव घरच्यांवर असतोच. पण शवविच्छेदनाचा हक्क सोडून घाईत सही करू नका. दुसऱ्यांदा शवविच्छेदन हवं असेल तर ते मय्यत उचलण्याआधी मागावं लागतं.

राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक अशा तक्रारी तिथे थेट देता येतात. ते स्वतः तुरुंगात टाकत नाही, सरकारला अहवाल देतं. म्हणून तिथे अर्ज करताना कोर्टाची वाट सोडायची नाही. भरपाईचंही तसंच. युनूसच्या घरच्यांना जे वीस लाख मंजूर झाले, ते सरकारी तिजोरीतले, म्हणजे तुमच्या-आमच्या करातले. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्या खिशातून एक रुपया गेला नाही. भरपाई घेताना 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागितली जाते. पैसे घ्या, तो हक्क आहे. ती सही करू नका.

आता कुणी म्हणेल, इतकं सगळं करून पंधरा-वीस वर्षं कोण लढणार? गुप्तांचा भाऊ लढला, हाशिमपुराचे म्हातारे लढले, परभणीच्या त्या दोन माता लढल्या. यातल्या कुणाकडेही सुरुवातीला पैसा नव्हता असं नाही, कुणाकडे थोडा होता, कुणाकडे अजिबात नव्हता. पण त्यांच्या पिशवीत एक फाईल होती, आणि प्रत्येक तारखेला ती फाईल घेऊन कुणीतरी कोर्टात उभं होतं. युनूसच्या खटल्याची फाईल अजून बंद झालेली नाही.